‘छान आहे’ या उत्तराचं काय करायचं?

गणपती उरकले की कळव्यातल्या एका बचत गटाची दिवाळीच्या फराळाची तयारी सुरू होते. एका वर्षी त्या गटाच्या ताई तीन रिकामी खोकी घेऊन माझ्याकडे आल्या. एक झेंडूच्या रंगाचं, वर पणती आणि रांगोळी. दुसरं पांढरंशुभ्र, मधोमध बारीक अक्षरांत नाव. तिसरं खाकी पुठ्ठ्याचं, सुतळीने बांधलेलं. “यातलं कुठलं छापून घेऊ ते लोकांना विचारून सांगा. तुमचं कामच आहे ना ते?”

कामच आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत मी युझर रिसर्च करते, म्हणजे लोक एखादी वस्तू कशी बघतात, कशी वापरतात ते शोधते. रविवारी पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत दारोदार फिरले. खोकी पुढे ठेवायची आणि विचारायचं, “आवडलं का?” सगळ्यांना सगळं आवडलं. “छान आहे हो.” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर चहा पाजला आणि “तू आणलंयस म्हणजे छानच असणार” असंही वर ऐकवलं. रात्री वही उघडली तर तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच शब्द.

चूक अगदी नवख्यासारखी होती, आणि मी नवखी नव्हते. म्हणून पुढचं सगळं त्यांच्यासाठी, जे पहिल्यांदाच एखादं पोस्टर, खोकं, अ‍ॅपची स्क्रीन किंवा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन लोकांना ‘काय वाटतं’ ते शोधायला निघालेत. प्रयोगशाळा लागत नाही. झेरॉक्स, वही, दोन पेनं आणि दोन-तीन रविवार एवढं पुरतं.

आधी ‘छान’ का येतं ते समजून घ्या

एक कारण उघड आहे: समोर बसलेल्या माणसाचं मन मोडवत नाही. उपाय सोपा. वस्तू आपण केलेली नाही असं सांगायचं, आणि जमलं तर ओळखीच्यांना विचारायचंच नाही. सोसायटी बाद.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. आपल्याला एखादी गोष्ट का आवडली हे बऱ्याचदा आपल्यालाच ठाऊक नसतं, पण विचारलं की आपण कारण देतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या लेखात याचं एक गमतीदार उदाहरण आहे. दुकानात नायलॉनच्या स्टॉकिंग्जच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगली निवडायला सांगितली. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. लोकांनी उजवीकडची जोडी डावीकडच्या टोकाच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त वेळा उचलली, आणि कारणं दिली ती विणीची, पोताची. ‘उजवीकडे होती म्हणून’ असं कुणीच म्हणालं नाही.

म्हणजे ‘का आवडलं?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर पुरावा म्हणून धरायचं नाही.

पहिली पायरी: प्रश्न अरुंद करा

‘लोकांना कसं वाटतं’ हा प्रश्नच नाही. त्याचे तीन तुकडे करा: माणसाला काय दिसलं, काय वाटलं आणि त्याने काय केलं.

ठाणे स्टेशनचं उदाहरण घ्या. ट्रान्स-हार्बरची (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी) गाडी पकडायला आलेला नवा माणूस गोंधळून उभा आहे. त्याला फलक दिसलाच नसेल, तर तो दिसण्याचा प्रश्न: अक्षराचा आकार, उंची, मागचा लखलखाट, पुढची गर्दी. फलक दिसला, वाचला, तरीही त्याने शेजारच्याला “पनवेलला हीच ना?” विचारलं, तर तो भरवशाचा प्रश्न. पहिल्यावर अक्षरं मोठी करणं हा उपाय आहे. दुसऱ्यावर अक्षरं कितीही मोठी केली तरी फरक पडायचा नाही.

हे तुकडे एकमेकांत मिसळतात, हीच खरी अडचण. १९९५ साली जपानमध्ये मासाकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या स्क्रीनवरच्या बटणांच्या २६ मांडण्या लोकांना दाखवल्या. ज्या मांडण्या देखण्या वाटल्या, त्याच वापरायला सोप्या असतील असं लोकांनी गृहीत धरलं. म्हणून ‘सोपं वाटतंय का?’ असं विचारून थांबू नका, हातात देऊन करायला लावा. आमच्या बाबतीत: खोकं उघडायला लावा.

बचत गटासाठी मी शेवटी प्रश्न असा केला: ‘हे खोकं बघून आतला फराळ घरी केलेला वाटतो का, आणि ते कुणाला भेट द्यायला लाज वाटेल का?’ एवढंच. रंग आवडला का, नाव आवडलं का, हे मी कागदावर लिहून खोडून टाकलं.

दुसरी पायरी: शब्द गोळा करा

इथे घाई करू नका. सगळा रविवार गेला तरी चालेल.

नवखे लोक सहसा इंटरनेटवरून भावनांची एखादी तयार इंग्रजी यादी उचलतात, तिचं भाषांतर करतात आणि गुगल फॉर्ममध्ये टाकतात. मग ‘तुम्हाला हे खोकं पाहून कितपत प्रफुल्लित वाटले?’ असले प्रश्न तयार होतात. कळव्याच्या बाजारात कुणी कधी प्रफुल्लित झालेलं मी पाहिलेलं नाही.

उलट्या बाजूने सुरुवात करा. आठ-दहा जणांना बाजारातली निरनिराळी खोकी दाखवा, आपली सोडून. फक्त बोलू द्या आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. माझ्या वहीत आलेले काही: घरगुती, भपकेबाज, भडक, ओशट, दवाखान्यातल्यासारखं, मिठाईवाल्याचं, लग्नातलं, ‘ऑफिसात वाटतात तसलं’, मुलींच्या भाषेत ‘एस्थेटिक’, आणि एका आजोबांचं ‘चपलांचं खोकं’.

ही काही माझी युक्ती नाही. हिरोशिमात मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकापासून अशीच पद्धत बांधली. तिला कान्सेई अभियांत्रिकी म्हणतात. वस्तूबद्दल लोक वापरतात ते शब्द आधी गोळा करायचे, मग कोणता शब्द वस्तूच्या कोणत्या गुणामुळे येतो ते शोधायचं. माझ्दाच्या दोन आसनी मियाटा गाडीचं उदाहरण या पद्धतीसाठी नेहमी दिलं जातं.

शब्द जमले की विरुद्ध जोड्या लावा आणि मध्ये सात घरं काढा; ज्या शब्दाकडे जितका कल, तितक्या जवळच्या घरात माणूस खूण करतो. १९५७ मध्ये चार्ल्स ऑसगुड आणि सहकाऱ्यांनी ही मोजपट्टी रूढ केली. त्यांना असं दिसलं की कितीही शब्द घेतले तरी ते मुख्यतः तीन दिशांनी पसरतात: चांगलं–वाईट, जोरकस–दुबळं, सक्रिय–निवांत. म्हणून जोड्या निवडताना तिन्ही दिशा आल्यात ना, ते पाहा. सगळ्याच जोड्या चांगलं–वाईट या एकाच दिशेने गेल्या तर पुन्हा ‘छान आहे’च मिळणार, फक्त सात घरांत विभागून.

मराठीत जोड्या लावणं मात्र अवघड जातं. ‘साधं’ची विरुद्ध बाजू कोणती? ‘भपकेबाज’ लिहिलं तर साधेपणा गुण ठरतो. ‘भारी’ लिहिलं तर तोच दोष होतो. ‘बरं आहे’ तर आणखी घोळाचं: त्यात पसंती आहे की नकार, हे सूर ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि फॉर्ममध्ये सूर नसतो. असे दुतोंडी शब्द मोजपट्टीतून काढा, पण वहीत ठेवा. पुढे त्यांचाच उपयोग होतो.

आपल्या भाषेत काही छटा फार बारीक आहेत, त्या वाया घालवू नका. हुरहुर, रुखरुख, चुटपुट. ऑनलाइन खरेदीत ‘ऑर्डर रद्द’ दाबल्यावर राहते ती चुटपुट की रुखरुख, यावरून पुढच्या स्क्रीनवर काय लिहायचं ते ठरू शकतं. माझ्या मते हा फरक इंग्रजी यादी घेऊन बसणाऱ्याच्या कधी लक्षातच येत नाही.

वहीचे रकाने

माझ्या वहीत हल्ली तीन रकाने असतात आणि पहिल्या दोघांची नावं मी भरताच्या नाट्यशास्त्रातून घेतली आहेत. विभाव: समोर नेमकं काय होतं. अनुभाव: माणसाच्या चेहऱ्यावर, हातांत, बसण्यात काय दिसलं. तिसरा: तो काय बोलला. रससूत्राचे (रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या भरताच्या सूत्राचे) जाणकार नाक मुरडतील, कारण भरतमुनी रंगभूमीबद्दल बोलत होते, फराळाच्या खोक्यांबद्दल नाही. पण कारण, दिसलेली खूण आणि बोललेला शब्द वेगवेगळे लिहायची शिस्त यातून लागते. भरताच्या आठ स्थायिभावांत, म्हणजे मनातल्या मूळ भावांत, ‘उत्साह’ आहे. पॉल एकमन यांच्या प्रसिद्ध सहा मूलभूत भावनांत (राग, भीती, किळस, आश्चर्य, आनंद, दुःख) तो नाही. जाहिरातवाल्यांना बहुतेक वेळा हवा असतो तो उत्साहच.

तिसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

ताईंच्या तीन खोक्यांत रंग वेगळा, कागद वेगळा, अक्षर वेगळं, सुतळीही वेगळी. खाकी खोकं आवडलं तर कशामुळे आवडलं? सांगता येणार नाही. वेळ आणि पैसा असेल तर एकाच खोक्याचे नमुने करा: फक्त रंग वेगळा, किंवा फक्त अक्षर वेगळं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून ‘तीनपैकी कुठलं’ एवढंच उत्तर मिळेल हे ताईंना आधीच सांगून टाकलं.

अक्षराच्या वळणालाही कमी लेखू नका. वुल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये एक गोलसर आणि एक अणकुचीदार आकृती दाखवून लोकांना दोन निरर्थक नावं त्यांना वाटून द्यायला सांगितली. बहुतेकांनी मऊ आवाजाचं नाव गोलसर आकृतीला दिलं. ‘लाडू’ हा शब्द टोकदार अक्षरांत लिहून बघा, काहीतरी बोचतं.

आणि उजेड. कॉम्प्युटरवरचा केशरी, छापलेला केशरी आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखालचा केशरी हे तीन वेगळे रंग. जिथे वस्तू विकली जाणार तसल्याच उजेडात दाखवा. शेजारी काय ठेवलंय तेही ठरवून ठेवा. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग सिनेमाच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो: एकच निर्विकार चेहरा, पुढच्या तुकड्यात सुपाचा वाडगा असला तर भुकेला वाटतो, शवपेटी असली तर दुःखी. खोक्याचंही तेच होतं. चकचकीत चॉकलेटच्या डब्याशेजारी खाकी पुठ्ठा गरीब दिसतो, खादीच्या दुकानात तोच रुबाबात बसतो.

चौथी पायरी: माणसं आणि जागा

शब्द गोळा करायला आठ-दहा जण पुरतात. आकडे काढायचे असतील तर किमान चोवीस-तीस तरी लागतील, आणि तेही एकाच साच्यातले नकोत. नौपाड्यातल्या मराठी घरांत दिवाळीचं जे चित्र डोळ्यांपुढे असतं, तेच वाशीच्या सेक्टरांत गुजराती, तमीळ, पंजाबी शेजाऱ्यांत वाढलेल्या मुलीच्या मनात असेलच असं नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण, तेवढ्यांतलेच घ्या, पण त्यांच्यातले वय, भाषा, कमाई यांचे फरक नोंदवून ठेवा.

जागेबाबत माझे काही हट्ट आहेत. ठाण्यातल्या तलावाकाठी, तलावपाळीवर, संध्याकाळी कुणाला थांबवू नका. सोबत पोरं असतात, आणि बोटीच्या हट्टापुढे तुमचं खोकं टिकत नाही. लोकलमध्ये तर नकोच. एखादं वाचनालय, सोसायटीचं सभागृह (दुसऱ्यांच्या सोसायटीचं!), महिला मंडळाची खोली चांगली. वयस्कर मंडळींना चष्मा लावूनच बसवा. एका आजींनी पांढऱ्या खोक्याला ‘नाव नाही’ म्हणून नापास केलं होतं. नाव होतं, चष्मा पर्समध्ये होता. आणि रंगाचाच प्रश्न असेल तर समोरच्याला लाल-हिरव्यातला फरक दिसतो ना, हे सुरुवातीला विचारा. पुरुषांत ही अडचण बायकांपेक्षा बरीच जास्त आढळते.

पाचवी पायरी: क्रम, मोजणी आणि हात

स्टॉकिंग्ज आठवा. तीन वस्तू मांडण्याचे सहा क्रम होतात. सहाही आधी कागदावर लिहा आणि प्रत्येक क्रम सारख्या वेळा येईल असे लोक बोलवा: चोवीस जण, म्हणजे प्रत्येक क्रमाला चार. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

शब्दांच्या पट्टीसोबत मी चित्रांचीही एक पट्टी देते. मार्गारेट ब्रॅडली आणि पीटर लँग यांच्या १९९४ च्या लेखातली बाहुल्यांची पद्धत त्यासाठी चांगली आहे: एका ओळीत हसऱ्यापासून रडव्यापर्यंत, दुसरीत खवळलेल्यापासून झोपाळलेल्यापर्यंत, तिसरीत छोट्यापासून मोठ्या बाहुलीपर्यंत, म्हणजे परिस्थिती आपल्या ताब्यात वाटते की नाही. वाचायची गरज नाही, त्यामुळे आजी आणि नातू दोघंही एकच कागद भरू शकतात.

शेवटी कृती. “आभार म्हणून यातलं एक घरी घेऊन जा” असं म्हणायचं आणि हात कुठे जातो ते बघायचं. तोंडाने पांढऱ्याचं कौतुक करणाऱ्या कितीतरी जणांचे हात झेंडूच्या खोक्याकडे गेले.

व्हिडिओ असेल तर अडचण वेगळी. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात एकदा ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर ३० सेकंद, ज्यात पाण्याचा गारवा किंचित कमी होत गेला. पुन्हा कोणता प्रकार कराल, तर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला. आठवणीत उरतो तो कळसाचा क्षण आणि शेवट. त्यामुळे पाच मिनिटांचा व्हिडिओ संपल्यावर एकच प्रश्न विचारलात तर उत्तर शेवटच्या काही सेकंदांचं येतं. बघतानाच बोटाने कागदावरच्या रेषेवर वर-खाली सरकायला सांगा आणि मोबाइलने त्या हाताचं चित्रण करा.

यंत्रांचा मोह

नवख्यांना आय-ट्रॅकर (नजर टिपणारं यंत्र) आणि घाम मोजणारी यंत्रं फार आवडतात. मलाही आवडायची. नजर कुठे गेली ते यंत्र सांगतं, का गेली ते नाही. आल्फ्रेड यार्बस यांच्या १९६७ च्या पुस्तकात हे स्वच्छ दिसतं: एकच चित्र, पण ‘माणसांची वयं सांगा’ म्हटलं की नजरेची वाट एक, ‘त्यांची सांपत्तिक स्थिती सांगा’ म्हटलं की दुसरीच.

त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र खळबळ दाखवतं. ती आनंदाची की भीतीची, ते त्याला कळत नाही. भरतानेही ‘स्वेद’ म्हणजे घाम सात्त्विक भावांत (शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत) घातलाच आहे, पण तोही संदर्भाशिवाय वाचायला सांगत नाही. त्यातून आपलं हवामान! मे महिन्यात स्टेशनचा जिना चढून आलेल्या माणसाचे तळवे कशामुळे ओले आहेत हे सांगायला यंत्र कशाला हवं. वापरायचंच असेल तर त्याला आधी पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बसवा, पाणी द्या.

चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावरचे ढीगभर अभ्यास तपासले आणि नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही असा निष्कर्ष काढला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत अशा यंत्रणांना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, बंदीच घातली आहे.

परवानगी

२०१४ मध्ये फेसबुकच्या एका प्रयोगावरून मोठं वादळ उठलं. ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून त्यांच्या लिहिण्यात काय फरक पडतो ते पाहिलं होतं, आणि त्यांना वेगळं विचारलं नव्हतं. तुमचा अभ्यास चोवीस जणांचा असला तरी विचारा. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत: काय करणार, किती वेळ लागेल, काय नोंदवणार, कधी पुसणार, आणि मध्येच उठून जायची मुभा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा क्लासमधल्या पोरांना घोळक्याने बसवून फॉर्म भरून घेऊ नका. वहीत नावं नकोत, क्रमांक पुरे.

आकडे वाचताना

सरासरी शेवटी काढा. आधी प्रत्येक जोडीसाठी सात घरांत किती खुणा पडल्यात ते हातानेच काढून बघा. आमच्या खाकी खोक्याची ‘स्वस्त–महाग’वरची सरासरी जवळजवळ मधोमध आली होती. एक्सेलने सांगितलं: लोकांना काही वाटत नाही. कागदाने सांगितलं: मधलं घर रिकामं आहे, खुणा दोन टोकांना आहेत. वयस्करांनी त्याला स्वस्त ठरवलं, विशी-पंचविशीतल्यांनी महाग. आणि दोन्ही गटांच्या तोंडी शब्द एकच होता, तोच मी मोजपट्टीतून काढलेला: ‘साधं’.

पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र १९६९ पासून आहे, खारघरला निफ्ट ही फॅशन डिझाइनची संस्था आहे. तिथले विद्यार्थी कुणी ओळखीचे असतील तर असा कागद त्यांच्यापुढे ठेवा. तिऱ्हाइताला आपल्या खुणा वेगळ्या दिसतात.

मी केलेली दुसरी चूक

सगळं नीट झाल्यावर ताईंना निकाल सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण तुम्ही रिकामी खोकी दाखवलीत?”

हो, रिकामी. हलकी, बिनवासाची, खुळखुळ न वाजणारी. दुसरी फेरी कळव्यातच घेतली, दोन दिवस भरून ठेवलेल्या खोक्यांवर: चिवडा, चकली, रव्याचे लाडू. लोकांनी ती उचलली, वजन पाहिलं, कानाजवळ हलवली, नाकाला लावली. पांढऱ्यावर आणि खाकीवर तेलाचे डाग उमटले होते, झेंडूवर दिसत नव्हते. मुलींनी डागाला ‘ओशट’ म्हटलं. एका मावशींनी त्याच डागावर बोट फिरवून सांगितलं, “घरचं तळण आहे, कळतंय.”

ताई शेजारी बसून माझी वही वाचत होत्या. त्यांनी झेंडूचं खोकं घेतलं, आतून बटर पेपर घातला आणि वर खाकी खोक्याची सुतळी बांधायचं ठरवलं. सुतळीबद्दल मी कुणाला एकही प्रश्न विचारला नव्हता. अनुभावाच्या रकान्यात मात्र पानोपानी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: खोकं खाली ठेवलं तरी बोटं सुतळीशी खेळतायत.